आमची वाटचाल: एका चारशे सातपासून नऊ गाड्यांपर्यंत

२००६ साली जुनी टाटा चारशे सात, म्हणजे छोटा ट्रक, घेतली, पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा, वाशीला खाली करायचा, ड्रायव्हर मीच, मालक मीच. आज नऊ गाड्या आहेत, इंदूर, दिल्लीपर्यंत जातात. हप्ते, डिझेल, टायर हे सगळ्यांचंच सारखं, ते सोडतो. मला दारूच्या नियमाबद्दल सांगायचंय, कारण त्यात मी आधी चुकलो.

२०१८ मध्ये आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, वाशीहून रिकामी गाडी आणताना सकाळी सहाला कसारा घाटात कठड्याला घासले. कुणाला लागलं नाही. मामा म्हणाले, "शेठ, रात्री बाराला एक क्वार्टर घेतली, झोपलो, उतरली होती." ते खोटं बोलत नव्हते, मलाही तसंच वाटायचं. नंतर डॉक्टरांनी हिशोब सांगितला, क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीमध्ये, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, आणि १०० मिली रक्तातून तासाला जेमतेम १५ मिलीग्रॅमच्या आसपास कमी होतं, म्हणजे सहा तासांनीही माणूस कायद्याच्या ३० मिलीग्रॅमच्या वर असू शकतो. झोपून, चहा पिऊन, अंघोळ करून ते लवकर उतरत नाही.

मी रागात नियम केला, प्यायलेला दिसला की घरी. झालं काय, पोरं वेलची चघळून यायला लागली, दोन चांगले ड्रायव्हर सोडून गेले, आणि मला काहीच कळेना.

मग श्वासातली दारू मोजणारं मशीन घेतलं. चावी घ्यायच्या आधी सगळे फुंकतात, मी गाडी काढणार असेन तर मीपण. तोंड धुवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कारण नुकतंच घेतलेलं औषधही रीडिंग देतं. शेवटचा घोट आणि चावी यात बारा तास. शून्याच्या वर आलं तर बदली ड्रायव्हर जातो आणि भत्ता बुडतो, पण आधीच फोन करून सांगितलं तर एक रुपयाही कापत नाही. खरा फरक याच्याने पडला.

डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, मात्र मशीनमध्ये येत नाही. मंदसौर, नीमचकडून जाणारे घेतात, मजेसाठी नाही, जागं राहायला, आणि जागं राहायची वेळ आपण मालकच आणतो. गाडीत सापडला तर गाडीपण जप्त होऊ शकते. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास होते, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती होती, पण लाईनवर कोण पाळत होतं? आम्ही दिल्लीला दोन ड्रायव्हर पाठवायला लागलो, आणि "परवा पहाटे पोचलीच पाहिजे" म्हणणारं एक मोठं गिऱ्हाईक सोडलं. ते भाडं अजून भरून निघालेलं नाही.

मागच्या महिन्यात पहाटे तीनला मामांचा फोन आला, "शेठ, भाच्याच्या हळदीत घेतली, आज माझी चावी दुसऱ्याला द्या." गाडी घेऊन माझा भाऊ गेला. मामा दुसऱ्या दिवशी आले, तोंड धुतलं, पंधरा मिनिटं बाकावर बसले आणि फुंकलं. शून्य.