भावी आमदार, तीस फूट बाय पाच

आचारसंहिता कधी लागणार हे आमच्या ऑफिसात सगळ्यांत आधी कळतं ते मुकादम मामांना. कसं, ते विचारू नये. १५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. सकाळीच त्यांनी दोन शिड्या, चार कोयते आणि एक डंपर अडकवून ठेवला होता. दुपारी साडेतीनला दिल्लीत पत्रकार परिषद सुरू झाली, आम्ही सगळे एकाच मोबाइलभोवती. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं, कारण माझी परीक्षा तिथूनच सुरू होणार होती.

शहराचं नाव लिहीत नाही, अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात मी कनिष्ठ अभियंता. एरवी फुटपाथ आणि गटारांची झाकणं. निवडणूक आली की आमची रवानगी विद्रूपीकरणाच्या पथकात होते. नियम असा: घोषणा झाल्यापासून सरकारी आवारातला राजकीय मजकूर २४ तासांत जायला हवा, सार्वजनिक जागेवरचा ४८ तासांत, खाजगी भिंतीवरचा ७२ तासांत. रोज संध्याकाळी तक्ता वर पाठवायचा, किती फ्लेक्स, किती झेंडे, किती भिंती.

फ्लेक्सचं सोपं असतं. दोरी कापली, गुंडाळला, डंपरमध्ये टाकला. रात्री अकरापर्यंत तीन खेपा झाल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फलक तर त्याच दिवशी लागला होता, रंग ओला वाटत होता. भिंती मात्र फ्लेक्ससारख्या गुंडाळता येत नाहीत. त्या ठेकेदाराच्या पोरांवर सोपवून मी घरी गेले. तिथेच चुकले.

आमच्या हद्दीत जुन्या मंडईची एक भिंत आहे. काळ्या फत्तराची, चुन्याच्या दरजांची, शंभरेक वर्षांची तरी असेल. तिच्यावर दसऱ्याच्या आधी एका रात्रीत अवतरलेली अक्षरं: एक नाव आणि खाली ‘भावी आमदार’. तीस फूट लांब, पाच फूट उंच, निळा आणि भगवा ऑइल पेंट. बुधवारी सकाळी पाहिलं तर पोरांनी त्यावर चुना फासला होता. काळ्या भिंतीवर तीस फुटांचा पांढरा चौकोन. तक्त्यात मात्र ‘मजकूर पुसला’ असं लिहिलेलं, सोबत फोटो.

आता हे कोणाला सांगायचं, की झाकणं म्हणजे पुसणं नव्हे? प्लास्टरच्या भिंतीवर चुना खपून जातो. दगडावर तो गोठ्यात रांगोळी काढल्यासारखा दिसतो, आणि पुढच्या रंगाऱ्याला आयती पाटी मिळते. मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, सांगाल तर ॲसिडने धुवून देतो.” मी जवळजवळ ओरडलेच. ऑइल पेंटला त्या ॲसिडने फारसं काही होत नाही, दरजांतला चुना मात्र फसफसून निघतो. दगड तसाच राहतो आणि सांधे मोकळे होतात. तारेचा ब्रशही नको म्हटलं. त्याने दगडावर ओरखडे पडतात, तारेचे तुकडे अडकून राहतात आणि पहिल्या पावसात गंजाचे डाग उतरतात. “मग करायचं काय?” हा त्याचा प्रश्न योग्य होता. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

उत्तर पावसाने दिलं. संध्याकाळी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली, अर्धा तास. ओला चुना ओघळला आणि त्यातून निळं-भगवं नाव न्हाऊन-माखून बाहेर आलं, आधीपेक्षा ठळक. कोणीतरी सी-व्हिजिलवर फोटो टाकला. हे निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप आहे. त्यात जुना फोटो चालत नाही, जागेवरूनच काढावा लागतो. तक्रार पाच मिनिटांत पथकाकडे, पंधरा मिनिटांत पथक जागेवर, अर्ध्या तासात कारवाई, आणि उरलेल्या पन्नास मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा निकाल. एकूण शंभर मिनिटं. तीस फुटांची भिंत आणि शंभर मिनिटं!

मामांनी डंपरमधली ताडपत्री आणून नावावर टांगली. नाव दिसेनासं झालं, फोटो गेला, तक्रार मिटली. ताडपत्रीमागची भिंत होती तशीच. सार्वजनिक जागेची ४८ तासांची मुदत गुरुवारी दुपारी संपत होती.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची गोष्ट सांगितली होती. १९८४ पासून त्यांनी एकच हट्ट धरला: स्वच्छ केलेल्या डब्यावर पुन्हा कोणी रंगवलं, तर तो डबा साफ होईपर्यंत प्रवाशांसमोर आणायचा नाही. १२ मे १९८९ ला शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून गेला. रंगवणाऱ्याला आपलं काम गावभर फिरलेलं हवं असतं, ते फिरलंच नाही तर त्याचा रंग फुकट जातो, असा हिशेब. तेव्हा मी वहीत चित्रं काढत बसले होते. त्या बुधवारी ताडपत्रीखाली उभं राहून मला तो हिशेब पटला. फक्त आमची भिंत यार्डात नेऊन ठेवता येत नव्हती.

“एक माणूस आहे,” मामा म्हणाले. “जुना पेंटर. बोलावू का?”

आठच्या सुमारास सायकलवरून एक साठीचे गृहस्थ आले. हातात बादली, त्यात नारळाच्या काथ्याचे दोन कुंचे आणि बांबूच्या चिपा. पाऊस थांबला होता, आभाळ स्वच्छ होऊन कोजागिरीचा चंद्र वर आला होता. काकांनी ताडपत्री थोडी सरकवली, ‘भा’पाशी गेले आणि बोटाने टकटक करून म्हणाले, “इथनं सुरू करा. इथे अस्तर जाड आहे. ‘मदार’ला मात्र त्रास होणार, तिथे चुना संपला होता.”

“तुम्हाला कसं माहीत?”

काकांनी मामांकडे पाहिलं. मामा चंद्राकडे बघत होते.

मी हसावं की रागवावं, कळेना. १९९५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत विद्रूपीकरण करणारा, असे दोन्ही गुन्हेगार आहेत: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्वतः’ माझ्यासमोर बादली घेऊन उभे होते. ‘दुसऱ्यामार्फत’ मोठमोठ्या अक्षरांत भिंतीवर होते. (त्यांना पुढे तिकीट मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी.) दोन हजार हा आकडा ऐकून काका म्हणाले, “तेवढ्याचा तर रंगच लागला.”

काम शिकण्यासारखं होतं. पेंटर लोक दगडावर थेट ऑइल पेंट मारत नाहीत, अक्षर फाटतं. आधी चुन्याचा हात, त्यावर दोरीने रेघा आखायच्या, मग अक्षर. म्हणजे रंगाने धरलेला असतो चुना, आणि चुन्याने दगड कच्चाच धरलेला असतो. काका कुंचा पाण्यात बुडवून कडेने भिजवायचे, पाच मिनिटं थांबायचे, मग बांबूची चीप आडवी धरून खालून सरकवायची. निळ्या रंगाचा पापुद्रा हाताएवढा सुटून यायचा, मागच्या बाजूला पांढरा. ‘भा’चा काना एका सलग पट्टीत निघाला, तेव्हा पोरांनी शिट्टी मारली. लोखंड एकदाही लागलं नाही. समोरच्या सोसायटीतल्या एका काकूंनी गच्चीवरून आटवलेल्या दुधाचे पेले पाठवले. हात रंगाचे, ओठांवर केशर.

मध्येच एका पापुद्र्याखाली तांबडा रंग दिसला. जरा धुतलं तर उलटा त्रिकोण, कुटुंबनियोजनाचा. “हा माझ्या उस्तादांचा,” काका म्हणाले, “तेव्हा मी डबे धरायचो.” पुसायचा का? आमच्या तक्त्यात सरकारी त्रिकोणाला रकाना नव्हता. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला चित्रावर आपलं नाव कोरलं. आज कोणी तसं केलं तर पोलीस नेतील, आणि स्मिथचं नाव मात्र गाइड पर्यटकांना कौतुकाने दाखवतात. किती जुनं झालं की घाणीचा इतिहास होतो, हे ठरवणं कनिष्ठ अभियंत्याच्या अखत्यारीत येत नाही. त्रिकोण राहू दिला.

‘मदार’ने खरोखरच रात्र खाल्ली. तिथे रंग दगडाच्या छिद्रांत उतरला होता. गुरुवारी सकाळी पेंट रिमूव्हर मुलतानी मातीत कालवून जाड लेप दिला, वर प्लास्टिक, हातमोजे, तोंडाला मास्क, पोरांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं. वास भयंकर. दोन तासांनी लेप काढला तर मातीत भगवं उतरलेलं. दुसरा लेप, मग साधं पाणी. अडीच वाजता फोटो पाठवला. तिरप्या उन्हात ‘दा’ची सावली अजून दिसते, माहीत असलेल्याला.

जाता जाता मी काकांना विचारलं, तुम्ही भिंत निवडता कशी? ते म्हणाले, खडबडीत भिंत नको, वेल चढलेली नको, चित्र काढलेली नको, दुसऱ्याच्या हातावर हात मारायला लाज वाटते. “आणि जिथे सकाळी लिहिलेलं दुपारी जातं, तिथे गिऱ्हाईकच पैसे देत नाही. ही भिंत आवडते, कारण इकडे तुम्ही लोक पाच वर्षांनी येता.”

संध्याकाळी वरून निरोप आला: त्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘भिंत विद्रूप करणे हा दंडनीय गुन्हा आहे’ असं रंगवून घ्या. अर्धा तास फोनवर हुज्जत घातली. शेवटी भिंतीला हात न लावता समोर खांबावर पत्र्याची पाटी लावायची, यावर तडजोड झाली. पाटी रंगवायची कोणी? मामांनी नंबर आधीच लावला होता.

“मॅडम,” फोनवर काका विचारत होते, “कायद्याचं साल पण टाकायचं का? आकड्यांचे मी वेगळे घेत नाही.”