गुलाब आणि भाजलेला काजू : आमची वाटचाल

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, आणि घरामागेच सासऱ्यांची काजू फॅक्टरी. फॅक्टरी म्हणजे काय, एक शेड, बॉयलर, बी फोडायच्या मशीनी आणि गर सुकवायचा ड्रायर. लग्न होऊन आले तेव्हापासून मार्च ते मे आमच्या कपड्यांना, केसांना काजूचाच वास. आणि हा वास कुठला ते नीट सांगते, कारण आमचा परफ्यूमचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा आहे. निखाऱ्यात बी भाजतात तो धूर नाही, तो नाकात झोंबतो, टरफलातलं तेल तर अंगावर उडालं तर कातडी जाते. मी म्हणते तो सोललेला गर मंद आचेवर हलका बदामी व्हायला लागतो ना, तेव्हाचा, गोडसर आणि कोमट वास.

एक दिवस सकाळी देवाला गावठी गुलाब काढून ओंजळीत घेऊन येत होते आणि फॅक्टरीत गरांचे ट्रे नुकतेच बाहेर काढलेले, दोन्ही वास एकदम आले आणि मी तिथेच उभी राहिले. गुलाब एरवी थोडा थंड, लांबचा वाटतो, काजूजवळ तो एकदम माणसाच्या अंगाजवळ आल्यासारखा वाटला. हे बाटलीत यायलाच पाहिजे असं तेव्हाच ठरवलं.

पहिला प्रयोग साधा, भाजलेले काजू कुटून अल्कोहोलमध्ये भिजत घातले. पाणी गढूळ झालं आणि तीन आठवड्यात खवट वास, सगळं ओतून दिलं. नंतर कळलं की सुक्या मेव्याचं तेल परफ्यूमला चालतच नाही, ते खवट होतं आणि काही लोकांना काजूची ॲलर्जी असते ती वेगळीच. म्हणून आमच्या बाटलीत काजूचा कणही नाही, लेबलवर तसं स्वच्छ लिहिलंय.

मग तो वास येतो कुठून? काहीही भाजताना त्यातल्या साखरेची आणि प्रोटीनची आचेवर प्रक्रिया होते आणि पायराझिन नावाची द्रव्यं तयार होतात, कॉफी, शेंगदाणे, काजू सगळ्यांच्या खमंगपणात ती असतात. परफ्यूमसाठी ती वेगळी तयार मिळतात पण इतकी जोरदार की आम्ही एक टक्क्याचं द्रावण करून परत ते दहापट पातळ करतो आणि त्यातले थेंब मोजतो. एक थेंब जास्त झाला की गुलाब गेला आणि शेंगदाण्याची गाडी आली. त्या खमंगपणाची धार कमी करायला टोंका नावाची सुगंधी बी, त्यातल्या कुमारिनला बदाम आणि सुक्या गवतासारखा वास असतो, आणि खाली चंदन. पहिल्या वर्षी गोडपणा फार व्हायचा, सासूबाईंनी मनगट हुंगून विचारलं, "गो, ह्यां अत्तर हा काय शिरो?" त्यांचं नाक आमच्यात सगळ्यात तयार, त्या हो म्हणेपर्यंत एकही बॅच बाहेर जात नाही.

गुलाब मात्र आमच्याकडचा नाही. जांभ्या मातीत आणि अडीच-तीन हजार मिलीमीटर पावसात अत्तराचा दमास्क गुलाब टिकत नाही, त्यामुळे आमचा गुलाब कन्नौजहून येतो. तिथे अजून डेगमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, फुलं उकळून वाफ भपक्यात, म्हणजे गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, धरतात, आणि फुलं पहाटेच तोडतात कारण ऊन चढलं की वास उडायला लागतो. एक किलो गुलाब तेलाला साधारण साडेतीन ते चार टन फुलं लागतात, आमची बाटली महाग का असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. आणि नुसत्या तेलाने भागत नाही, ताज्या फुलाला नाक लावल्यावर जो वास येतो त्यातला मोठा भाग पाण्यात विरघळतो, म्हणजे डेगमधून तो गुलाबपाण्यात जातो आणि तेलात कमी उरतो, म्हणून आम्ही गुलाबाचं ॲब्सोल्यूट, म्हणजे वाफेऐवजी द्रावक वापरून काढलेला अर्क, तो पण घालतो. जोडीला तामिळनाडूच्या मोगऱ्याचं थोडंसं.

सुरुवातीला एका व्यापाऱ्याने आम्हाला भेसळीचं तेल दिलं, आमच्या हिशोबाने खूप पैसे गेले. अस्सल गुलाब तेल गारव्यात घट्ट होतं, त्यात मेणासारखा भाग असतो. हे फ्रीजमध्ये चार दिवस ठेवलं तरी पाण्यासारखंच. तेव्हापासून माल आला की आधी फ्रीज, मग पैसे. नुसतं घट्ट झालं म्हणजे चोख असंही नाही, पण नाही झालं तर तिथेच थांबायचं.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा शेडचे पत्रे उडाले आणि लाईट कितीतरी दिवस नव्हती, आम्ही सगळ्यात आधी तेलाच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून माजघरात नेल्या. लायसन्सचं काम, अल्कोहोलची परवानगी, यात वेळ गेला पण ते सगळ्यांनाच करावं लागतं. खरं शिकवलं ते आमच्या हवेने. इथल्या दमट उकाड्यात वरचे हलके वास पटकन उडतात आणि गोड वास अंगावर जड होतो, त्यामुळे फॉर्म्युला आम्ही मे महिन्यात दुपारी दोन वाजता अंगावर लावून ठरवला, एसीत बसून नाही. मे मध्ये जो चांगला वाटला तो पुढे डिसेंबरात पण चांगलाच वाटला.

मिसळलेलं सहा आठवडे स्टीलच्या ड्रममध्ये अंधारात मुरतं, मग गाळून ३० मिलीच्या बाटल्या हाताने भरतो, मी, जाऊबाई आणि फॅक्टरीत गर सोलणाऱ्या दोघी. गर न मोडता सोलणारे हात, त्यांच्याकडून थेंब सांडत नाही. आत्ताची बॅच मुरायला ठेवलीय, चतुर्थीच्या आधी भरणार, ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांची नावं वहीत आहेत.