दहा आठवड्यांचा हक्क

अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, निर्मात्यांशी केलेल्या करारात एक कलम आहे. मोठ्या बजेटच्या चित्रपटाचं चित्रीकरण संपलं, संकलकाने सगळे प्रसंग पटकथेच्या क्रमाने जोडून पहिला कच्चा सांगाडा उभा केला, की पुढचे किमान दहा आठवडे संकलन दिग्दर्शकाच्या ताब्यात राहतं. त्या काळात स्टुडिओने मधे पडायचं नाही. दिग्दर्शकाने आपली आवृत्ती तयार करून दाखवायची. तिलाच डायरेक्टर्स कट म्हणतात. डीव्हीडीवर नंतर येते ती लांबलचक आवृत्ती म्हणजे डायरेक्टर्स कट, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात अशी आवृत्ती जवळजवळ प्रत्येक मोठ्या चित्रपटाची असते आणि बहुतेक वेळा ती स्टुडिओच्या खोलीबाहेर कुणीच बघत नाही.

दहा आठवड्यांनंतर चित्रपट मालकाचा, म्हणजे स्टुडिओचा. शेवटचा शब्द आपलाच राहावा असं वाटत असेल तर दिग्दर्शकाला 'फायनल कट' करारात वेगळा मागून घ्यावा लागतो. फ्रँचायझीत, म्हणजे एकाच नावाच्या चित्रपटांच्या मालिकेत, नव्याने आलेल्या माणसाला तो मिळत नाही. कायदाही त्याच्या बाजूचा नाही. अमेरिकेत असं काम पैसे देणाऱ्याच्या मालकीचं धरतात, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यातही चित्रपटाचा 'ऑथर' निर्माताच आहे.

त्यामुळे स्टुडिओच्या दडपणाविषयी बोलताना मला हुकूम सोडणाऱ्या साहेबांपेक्षा कॅलेंडर जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्रँचायझीत प्रदर्शनाची तारीख आधी ठरते. खेळणी, जाहिरातींचे करार, आयमॅक्सचे पडदे, पुढच्या भागाचं वेळापत्रक हे सगळं तिला बांधलेलं असतं. पटकथा, दिग्दर्शक, संकलन यांनी त्या तारखेत मावायचं. 'अँट-मॅन'वर दिग्दर्शक एडगर राइट २००६पासून काम करत होता. मे २०१४मध्ये, चित्रीकरणाच्या तोंडावर, तो बाहेर पडला आणि पेटन रीड आला. १७ जुलै २०१५ ही तारीख मात्र हलली नाही. आठ वर्षं काम केलेला माणूस बदलता येतो, एक शुक्रवार बदलता येत नाही.

तारीख आधी आणि गोष्ट नंतर, याचं सगळ्यात वाईट उदाहरण 'एलियन ३'चं आहे. आधीचा दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड याच्या कल्पनेत लाकडी ग्रहावर राहणारे साधू होते. तो गेल्यावर साधूंचे कैदी झाले आणि मठाचा तुरुंग झाला. १९९१मध्ये पहिला टीझर आला, तोही एलियन पृथ्वीवर येणार असं सुचवणारा. चित्रपटात तसं काहीच नाही. जानेवारी १९९१मध्ये इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओत चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा पक्की नव्हती आणि पैसा मात्र सेटवर लागत होता. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर अठ्ठावीस वर्षांचा, त्याचा हा पहिलाच चित्रपट. पुढे काम थांबवलं गेलं, मग रीशूट (पुन्हा चित्रीकरण) झाले, आणि मे १९९२मध्ये चित्रपट सुमारे ११४ मिनिटांचा होऊन लागला. २००३च्या डीव्हीडी संचात 'असेंब्ली कट' आला, तो सुमारे १४५ मिनिटांचा. त्यात एलियन बैलातून जन्मतो, चित्रपटगृहातल्या आवृत्तीत कुत्र्यातून. ही आवृत्ती जुन्या नोंदींवरून जुळवलेली आहे. फिंचरने तिला हात लावायला नकार दिला. मला तो नकार पटतो. चित्रीकरणाच्या वेळीच जे ठरवू दिलं नाही, ते बारा वर्षांनी संकलनाच्या टेबलावर सापडणार कुठून?

आता दडपण येतं कुठून कुठून ते बघू. पहिली जागा प्रिव्हिज. मारामारीचे आणि स्फोटांचे प्रसंग चित्रीकरणाच्या कितीतरी आधी संगणकावर ढोबळ ॲनिमेशनमध्ये रचले जातात: कॅमेरा कुठे, भिंगं कोणती, कट कधी. स्वतंत्र कंपन्या हेच काम करतात. त्यांच्यातली 'द थर्ड फ्लोर' २००४मध्ये 'स्टार वॉर्स'च्या प्रिव्हिज कलाकारांनी काढली. साधन म्हणून ते उत्तम आहे, कारण व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकी दृश्यपरिणामांचा, खर्च आधीच मांडता येतो. पण कधीकधी हे काम दिग्दर्शक यायच्या आधीच सुरू झालेलं असतं. मग अर्ध्या तासाची रचना त्याला तयार मिळते. ती मोडायची तर अंदाजपत्रक नव्याने मांडावं लागतं, आणि तारीख त्याला वेळ देत नाही.

दुसरी जागा कव्हरेज. एकाच प्रसंगाचा मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दिसणारा शॉट), मिड (थोडा जवळचा), दोन्ही बाजूंचे क्लोजअप, खांद्यावरून घेतलेले शॉट असं सगळं चित्रित करून ठेवलं, की तो प्रसंग वाटेल तसा पुन्हा जुळवता येतो. जुन्या हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्ड मोजकंच चित्रित करायचा, म्हणून त्याचा प्रसंग दुसऱ्याला वेगळा कापता येत नसे. आजच्या फ्रँचायझीत तो मार्ग बंद आहे. रोजचे रशेस, म्हणजे त्या दिवशी चित्रित झालेले तुकडे, स्टुडिओ बघतो आणि कव्हरेज कमी दिसलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो.

तिसरी जागा टेस्ट स्क्रीनिंग. साधारण तीनशे-चारशे प्रेक्षक, हातात कार्डं, 'उत्कृष्ट'पासून 'वाईट'पर्यंत पाच खाने. वरच्या दोन खान्यांची टक्केवारी आणि 'इतरांना नक्की सुचवाल का' याचं उत्तर, हे दोन आकडे पुढचं सगळं ठरवतात. नंतर वीसेक जणांना बसवून गप्पा. विनोद कुठे पडतो, गोष्ट कुठे कळत नाही, हे या खोलीत खरंच समजतं. अडचण पुढे येते. प्रेक्षक 'शेवट आवडला नाही' असं म्हणतात तेव्हा दुखणं बरेचदा चाळीस मिनिटं आधी असतं. पण कार्डावर 'शेवट' लिहिलेलं असतं, म्हणून शेवटच बदलला जातो.

आणि मग रीशूट. रीशूट वाईटच असं मुळीच नाही. मोठ्या चित्रपटात त्याचे आठवडे आणि पैसे सुरुवातीपासून राखून ठेवतात. चूक होते ती दुसऱ्याच माणसाच्या हातून दुसराच चित्रपट त्यात घुसवला जातो तेव्हा. 'जस्टिस लीग'मधून झॅक स्नायडर मे २०१७मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर बाजूला झाला, जॉस व्हेडन आला, आणि १७ नोव्हेंबरची तारीख तशीच राहिली. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला तेव्हा दुसऱ्या स्टुडिओच्या चित्रपटासाठी मिशी होती आणि ती काढायला परवानगी मिळाली नाही. मग ती पुन्हा चित्रित केलेल्या शॉटमध्ये संगणकावर पुसावी लागली. व्हीएफएक्सचे जे दिवस शेवटच्या लढाईला हवे होते, त्यातले काही वरच्या ओठावर गेले. संगीतकारही बदलला. लांबी बरोबर १२० मिनिटं. स्नायडरची आवृत्ती मार्च २०२१मध्ये आली ती २४२ मिनिटांची, त्यासाठी आणखी सात कोटी डॉलर लागल्याचं सांगितलं गेलं. ती आवृत्ती सगळ्यांना आवडावी असा माझा आग्रह नाही. पण तिच्यात प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाची तयारी करतो, आणि १२० मिनिटांच्या आवृत्तीत नेमकी तीच तयारी कापली गेली होती.

हे रोग नवे नाहीत. 'सुपरमॅन' आणि 'सुपरमॅन २' रिचर्ड डॉनरने १९७७पासून एकत्रच चित्रित करायला घेतले. दुसऱ्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग झाल्यावर तो थांबवून पहिला पूर्ण केला गेला. पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेणं हा दुसऱ्या भागाचा शेवट होता, तो उचलून पहिल्याला लावला. पहिला भाग गाजला, तरी निर्मात्यांशी बिनसलेल्या डॉनरला परत बोलावलं नाही. रिचर्ड लेस्टर आला आणि झालेलं बरंच काम पुन्हा चित्रित झालं. नफ्यातल्या वाट्यावरून वाद झाल्याने सुपरमॅनचे वडील झालेल्या मार्लन ब्रँडोची दृश्यं काढली आणि वडिलांचे संवाद आईच्या तोंडी आले. खलनायक झालेला जीन हॅकमन परतलाच नाही. त्याची सगळी दृश्यं डॉनरच्या वेळची, उरलेल्या जागी डमी. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ तोवर वारला होता. प्रकाशाकडे लक्ष ठेवून बघा, कुठला शॉट कुणाचा ते ओळखता येतं.

२००६मध्ये डॉनरची आवृत्ती जुळवली गेली. लोइस क्लार्कवर गोळी झाडून तो सुपरमॅन असल्याचं गुपित उघडं करते, हा प्रसंग डॉनरला चित्रित करायला मिळालाच नव्हता. म्हणून तिथे स्क्रीन टेस्टचे, म्हणजे नट निवडताना घेतलेल्या चाचणी-चित्रीकरणाचे, तुकडे लावले आहेत. दोघांच्या टेस्ट वेगवेगळ्या वेळच्या, त्यामुळे क्रिस्टोफर रीव्ह एका शॉटमध्ये किडकिडीत दिसतो आणि दुसऱ्यात भरलेला. केसही जुळत नाहीत. आणि तरीही हा प्रसंग अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात जिवंत आहे, कारण तो लिहिणाऱ्याला आणि बसवणाऱ्याला काय हवंय ते ठाऊक होतं.

यातून सुटलेला माणूस म्हणजे जॉर्ज लुकास. पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या करारात त्याने पुढच्या भागांचे आणि खेळण्यांचे हक्क आपल्याकडे ठेवले, आणि त्याचा पुढचा भाग 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' स्वतःच्या पैशाने व बँकेच्या कर्जावर उभा केला. दिग्दर्शक अर्विन कर्शनरला त्याने सवड दिली. कर्शनर पात्रांवर वेळ घालवत राहिला, खर्च सुमारे १.८ कोटी डॉलरवरून तीन कोटींच्या घरात गेला, बँकेने हात आखडला, आणि कर्जासाठी शेवटी फॉक्स स्टुडिओची हमी घ्यावी लागली. दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला न दिल्याबद्दल गिल्डने कर्शनरलाच दंड केला. तो लुकासने भरला आणि १९८१मध्ये गिल्ड सोडलं.

पण मालक तोच होता. १९९७मध्ये त्याने कर्शनरच्या चित्रपटात नवे शॉट घातले, २००४मध्ये सम्राटाचा नटच बदलला. १९८०ची मूळ आवृत्ती २००६मध्ये डीव्हीडीवर आली ती जोडीची चकती म्हणून, १९९३च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची चकती) केलेल्या मूळ प्रतीवरून.