मंत्र्यांचं लेखी उत्तर खरं धरायचं का?

मंत्रालयात नोकरी झाली असं कळलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. पहिली बदलीबद्दल असते, तिला मी उत्तर देत नाही. दुसरी अशी : ‘मंत्र्यांनी लेखी उत्तरात अमुक सांगितलं’ अशी बातमी येते, ते खरं धरायचं का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नुसतं ‘धरा’ म्हटलं तरी चुकेल आणि ‘धरू नका’ म्हटलं तरी चुकेल.

माझं मत असं की उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. पण ते विचारलेल्या प्रश्नापुरतंच खरं असतं, त्यापलीकडे तसूभरही नाही. त्यामुळे मी उत्तराआधी प्रश्न वाचतो. बातमीत नेमका प्रश्नच छापलेला नसतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याच्या छापील उत्तरावर सभागृहात उपप्रश्नही विचारता येतो अशा प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग एक, दोन, तीन, चार. समजा, एखाद्या गावच्या पाझर तलावाचा प्रश्न आहे. पहिला भाग : तलावाच्या दुरुस्तीत ४२ लाख रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचे माहे मार्चमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा : असल्यास, चौकशीत काय आढळले व कोणती कारवाई केली? चौथा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता दुरुस्तीचं काम एकूण ३८ लाखांचंच होतं, आणि चौकशी अहवालात ‘गैरव्यवहार’ नसून ‘अनियमितता’ असा शब्द आहे, असं धरा. उत्तर येतं : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ यात खोटं काय? ४२ लाखांचा गैरव्यवहार झाला हे खरं नाहीच. मापपुस्तकात खाडाखोड आहे, मुरूम कमी पडलाय, शाखा अभियंत्याला नोटीस गेली आहे, हे सगळं फायलीत आहे. पण त्याबद्दल कुणी विचारलंच नाही! पहिला भाग पडला की उरलेले तिन्ही त्याच्यासोबत पडतात. पोटप्रश्न एकमेकांना ‘असल्यास’ने बांधलेले असतात, त्याचा हा परिणाम.

आमदारांकडे प्रश्न लिहून देणारी माणसंही काही कच्ची नसतात. ‘वा त्यादरम्यान’ ही शब्दरचना उगाच आलेली नाही. एके काळी नुसती तारीख चुकली तरी विभाग ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळा व्हायचा, त्यावरचा हा उतारा. पण त्याच वाक्यात ‘निदर्शनास आले’ हे शब्द असतात आणि ती पळवाट आम्हाला आयती मिळते. कुणाच्या निदर्शनास? शासनाच्या तर आलेलं नाही. मी इतकी वर्षं हे मसुदे पाहिले, त्यावरून एक सांगतो. यादी चाळताना ‘हे खरे आहे’पाशी रेंगाळू नका, तिथे बहुधा काम होऊन गेलेलं असतं. ‘हे अंशतः खरे आहे’ दिसलं की थांबा. ते लिहिताना कार्यासनाच्या, म्हणजे मसुदा करणाऱ्या शाखेच्या, जिवावर आलेलं असतं, आणि पाणी मुरतं ते तिथेच.

उत्तर कोण लिहितं, हेही लोक विचारतात. मंत्री लिहीत नाहीत, ते मान्यता देतात. प्रश्न आला की आमच्या बोलीत ‘एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) लागला’. पहिला अर्धा दिवस हा विषय आपला नाहीच, दुसऱ्या विभागाकडे हस्तांतरित करावा, या पत्रात जातो. ते जमलं नाही की कार्यासन खालून माहिती मागवतं, आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला, तालुका गावाला. वर येताना तीच माहिती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढते आणि प्रत्येक पायरीवर एखादं विशेषण गळतं. अधिवेशन नागपूरला असलं तर हे सगळं फायलींच्या पेट्यांसह तिकडे हलतं. रात्री रविभवनात मंत्र्यांना माहिती समजावायला अधिकारी ताटकळत बसतात, हातात पूरक टिपणी. सभागृहात ऐनवेळी जे उपप्रश्न येतील त्यांची उत्तरं तिच्यात असतात. छापील उत्तर पाच ओळींचं, पूरक टिपणी पंधरा पानांची.

तळाला काय होतं ते मात्र जवळून बघण्यासारखं असतं. तालुक्याला दुपारी निरोप येतो : अत्यंत तातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न, माहिती आज सायंकाळपर्यंत. सोबत तक्ता, गावाचं नाव, प्रकरणांची संख्या, केलेली कारवाई, शेरा. गावपातळीच्या माणसाकडे तीन-चार गावं, त्यातल्या एका गावी तो पंचनाम्याला गेलेला. त्याचा फोन लागत नाही. पाच वाजतात. तालुक्याचा लिपिक त्या गावांपुढे ‘निरंक’, म्हणजे ‘काही नाही’, असं लिहितो, कारण रकाना कोरा ठेवला तर जिल्हा तक्ता परत पाठवेल. जिल्हा बेरीज करतो, आयुक्तालय बेरजांची बेरीज करतं. मंत्रालयात पोचेपर्यंत त्या निरंकाला सरकारी आकड्याचं वजन आलेलं असतं. या साखळीत कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने खालून आलेलं जसंच्या तसं वर पाठवलंय. घडलेलं नाही आणि नोंदलेलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; तक्त्यात मात्र दोन्हींसाठी एकच रकाना असतो.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आलेलं एक उत्तर तुम्हाला आठवत असेल. ऑक्सिजनअभावी किती मृत्यू झाले, असा प्रश्न होता. उत्तर दिलं तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी. त्याचा आशय असा : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याने झालेले मृत्यू असं राज्यांनी विशेषत्वाने काही कळवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमी झाली, ‘ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही : केंद्र’. देशभर संताप झाला आणि तो स्वाभाविकच होता. भारती पवार तेव्हा दिंडोरीच्या खासदार, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्याच. त्याच नाशिकमध्ये तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, झाकीर हुसेन रुग्णालयातल्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. पण सरकारदरबारी त्या घटनेचं नाव गळती, तुटवडा नव्हे. उत्तर पुन्हा वाचून पाहा. ‘कुणी मेलं नाही’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. राज्यांनी तसं वेगळं कळवलं नाही, एवढंच म्हटलंय. माझ्यासारख्या मसुदे लिहिणाऱ्याच्या नजरेने ते उत्तर चोख आहे. माणूस म्हणून वाचलं की अंगावर काटा येतो.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात, करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता. फक्त अतारांकित, म्हणजे लेखी उत्तरांचे प्रश्न चालू राहिले. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असं लोकसभेत विचारलं गेलं. अशी आकडेवारी ठेवली जात नाही, असं श्रम मंत्रालयाचं उत्तर आलं. मग नुकसानभरपाईचं काय? ‘वरील बाब पाहता प्रश्न उद्भवत नाही.’ पाझर तलावाचाच साचा, फक्त दिल्लीचा.

म्हणून तारांकित आणि अतारांकित यांतला फरक महत्त्वाचा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकिताचं उत्तर पटलावर ठेवलं की विषय संपला. तारांकितावर उभं राहून उपप्रश्न विचारता येतो आणि अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो तेव्हाच. छापील उत्तर आमच्या हातात असतं, मंत्र्यांच्या तोंडचं वाक्य नसतं. मंत्री रंगात येऊन ‘संबंधितांना निलंबित करतो’ म्हणून बसले, की ते आश्वासन झालं, आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. गॅलरीतून किती चिठ्ठ्या पाठवल्या तरी गेलेला शब्द परत येत नाही. अर्थात एका तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. गोंधळ झाला तर तेवढेही नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या मजल्यावर चहा जरा निवांत व्हायचा.

नीट धरून ठेवलेला प्रश्न काय करू शकतो, याचं उदाहरण १९५७ सालचं आहे. नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये पैसे का गुंतवले, असं लोकसभेत सप्टेंबरमध्ये विचारलं गेलं. उत्तर हातचं राखून दिलेलं होतं. सदस्यांनी ते तिथेच सोडलं असतं तर यादीतल्या शेकडो उत्तरांत ते विरून गेलं असतं. त्यांनी पिच्छा पुरवला. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी कागद घेऊन सरकारची कोंडी केली, तेही सत्ताधारी बाकावरून. मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग बसला, त्याने मुंबईत उघड सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

दुसरी बाजूही मुंबईचीच आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने संसदेत प्रश्न मांडल्याचं १९५१मध्ये समितीच्या चौकशीत दिसलं, आणि त्यांचं सदस्यत्व गेलं. २००५मध्ये याच कारणावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. तेव्हा प्रश्न वाचताना तो कुणाच्या फायद्याचा आहे, हेही बघावं. एका ठेकेदाराच्या कामावर दुसऱ्या ठेकेदाराच्या ओळखीतून प्रश्न लागणं काही दुर्मिळ नाही. प्रश्नातला तपशील दगडामातीच्या दरापर्यंत अचूक असला की आम्ही ओळखून घ्यायचो.

बाकी हा अधिकार आपल्याला आयता मिळालेला नाही. १८९२च्या कायद्याने कायदे मंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारायला पहिल्यांदा परवानगी मिळाली, उपप्रश्न तेव्हा नव्हता. पुढच्याच वर्षी भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या साहेबांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांचे जे हाल होतात, त्याबद्दलचा. दौऱ्यावरचे साहेब आणि गावच्या दुकानातली रसद, हा विषय आजही तारांकित म्हणून लावायला हरकत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. बातमीत लेखी उत्तर आलं की विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांची यादी शोधा आणि प्रश्न मुळातून वाचा. शेतकरी आत्महत्यांचा असेल तर विचारलंय काय ते पाहा : किती आत्महत्या झाल्या, की किती प्रकरणं मदतीला पात्र ठरली? २००६च्या शासन निर्णयानुसार एक लाखाची मदत मिळते ती पात्र ठरलेल्या प्रकरणांत. कर्जाचा कागद नसलेला, घरात कुणाच्याच नावावर सातबारा नसलेला ‘अपात्र’मध्ये जातो, आणि प्रश्न पात्र प्रकरणांपुरता असेल तर उत्तरात त्याचा मागमूसही राहत नाही.

मग प्रश्न क्रमांक टिपून घ्या आणि त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं वाक्य २००५च्या माहिती अधिकार कायद्यात होतं; २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने ते काढलं. तरी क्षेत्रीय अहवाल मागायला अडचण नसावी. अर्जात ‘उत्तराची प्रत’ मागू नका, ती तुमच्याकडे आहेच. ‘सदरहू प्रश्नाच्या उत्तरासाठी जिल्ह्यांकडून प्राप्त झालेले अहवाल व तालुकानिहाय तक्ते’ असं लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तक्ते आले की बेरीज शेवटी बघा, आधी शेऱ्याचा रकाना वाचा. आणि एकाच हस्ताक्षरात, एकाच तारखेला, ओळीने निरंक लिहिलेली गावं दिसली तर त्यातल्या एका गावी जाऊन या.