हेक्समधून बायनरीत जाताना गळणारी शून्ये

देवगडजवळ कातळावर आमची हापूसची बाग आहे. नव्या कलमांना उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, म्हणून विहिरीवरच्या पंपाला मी एक छोटे यंत्र जोडले असून ते पंपाची स्थिती दोन हेक्स अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत) पाठवते. दोन अंक म्हणजे आठ बिट, म्हणजेच ० किंवा १ असे आठ बायनरी अंक. डावीकडून पहिला बिट १ असेल तर यंत्राची बॅटरी उतरली, तिसरा असेल तर पंप चालू, सहावा असेल तर वीज आहे आणि आठवा असेल तर विहिरीत पुरेसे पाणी आहे, असा अर्थ मी ठरवला होता.

मार्चमध्ये बॅटरी उतरल्याची सूचना सतत येऊ लागली. काकांनी कणकवलीहून नवी बॅटरी आणून बसवली, तरी सूचना थांबेना.

चूक पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. आलेला मजकूर मी ‘इंट’ या फंक्शनला १६ हा पाया सांगून संख्येत बदलत होतो, ती संख्या बायनरीत लिहून देणाऱ्या ‘बिन’कडे देत होतो आणि उत्तराच्या आरंभीची ‘०बी’ ही बायनरीची खूण काढून टाकत होतो. ‘२५’ या हेक्स मजकुराचे उत्तर ००१००१०१ हवे होते, पण मिळत होते १००१०१. संख्या म्हणून दोन्ही ३७च. मात्र डावीकडची शून्ये ही मजकुराची असतात, संख्येची नव्हेत, आणि मजकुराची संख्या होताच ती गळतात. शून्य वगळता कोणतीही संख्या अशी लिहिली की तिची सुरुवात १ नेच होते, त्यामुळे बॅटरी कायम उतरलेली दिसे आणि चालू पंप बंद.

१६ हा २ चा चौथा घात असल्याने हेक्सचा प्रत्येक अंक नेमके चार बिट व्यापतो. म्हणून मूळ मजकुराच्या लांबीची चौपट करावी आणि ‘झेडफिल’ने तेवढ्या लांबीपर्यंत डावीकडे शून्ये भरावीत. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत हेच काम ‘पॅडस्टार्ट’ करते. मात्र तिथे ‘पार्सइंट’ने मिळालेली संख्या ५३ बिटांपलीकडे अचूक राहीलच असे नाही, म्हणून लांब मजकुरासाठी मोठ्या पूर्ण संख्या अचूक ठेवणारे ‘बिगइंट’ वापरावे.

माझ्यासारखे एकेक बिटच तपासायचे असतील, तर शून्य-एकचा मजकूर मुळात बनवूच नये, असे माझे आता ठाम मत आहे. संख्या सात घरे उजवीकडे सरकवून १ शी ‘अँड’ (दोन्हीकडचा बिट १ असेल तरच १ देणारी क्रिया) केली की बॅटरीचा बिट थेट हाती येतो, कारण मोजणी उजवीकडून होते आणि डावीकडे किती शून्ये आहेत याने काहीच फरक पडत नाही. प्रोग्रॅम तसा बदलल्यावर सूचना थांबली. काकांनी काढून ठेवलेली बॅटरी मी मीटरने तपासली. ती चांगलीच होती, म्हणून खालच्या बागेतल्या यंत्राला लावली आहे.