हातांची कादंबरी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी आज दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली ती बी.ए.ला, परीक्षेपुरती. प्रतीकं म्हणून तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं: लग्नाच्या दिवशीच फसवल्या गेलेल्या श्रीमंत मिस हॅविशमच्या घरातली नवाला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली घड्याळं, कोळ्यांनी भरलेला लग्नाचा केक, दलदलीवरचं धुकं. पेपरात ते लिहिलं, मार्कही पडले. या वेळी घड्याळांपाशी मी फारशी थांबलेच नाही. पानोपानी दिसत राहिले ते हात.

कादंबरीचा नायक पिप, पोरका. त्याला मोठ्या बहिणीने वरच्या दुधावर वाढवलं. अशा मुलाला त्या काळच्या इंग्रजीत ‘हाताने वाढवलेला’ म्हणत. पण तिचा हात पाठीत कसा बसतो हे रोज अनुभवणाऱ्या पोराला त्या शब्दांचा वेगळाच अर्थ कळतो. मग एक दिवस मिस हॅविशमच्या घरी पत्ते खेळता खेळता तिने दत्तक घेतलेली एस्टेला म्हणते, किती राठ हात याचे, आणि बूट केवढे जाड! तोवर पिपने स्वतःचे हात कधी न्याहाळलेलेच नसतात. खेळ संपल्यावर अंगणात एकटा उभा राहून तो ते पहिल्यांदा बघतो. त्याचं बालपण माझ्या मते तिथेच संपतं, पुढे अज्ञात दात्याकडून मिळालेल्या पैशांनी आणि लंडनने नाही.

ते पैसे पिपपर्यंत पोचवणारा वकील जॅगर्स प्रत्येक अशील गेलं की सुगंधी साबणाने हात धुतो. ‘हात धुवून मोकळा झाला’ असं आपण सहज म्हणून जातो, हा माणूस ते अक्षरशः करतो. त्याच्याकडे कामाला असलेल्या मॉलीचं मनगट धरून तो पाहुण्यांना त्यावरचे व्रण दाखवतो. ते पान वाचताना अंगावर काटा आला. पुढे मॉलीच्या बोटांची हालचाल बघता बघता पिपच्या ध्यानात येतं की विणकाम करणाऱ्या एस्टेलाची बोटं अशीच चालतात. ही तिची आई. ज्या मुलीने त्याच्या हातांना हसून घेतलं तिचं मूळ शेवटी हातांवरूनच सापडतं. हे मला पहिल्या वाचनात दिसलं कसं नाही?

पण हे सगळं लिहायला बसले ती ज्योसाठी. ज्यो गार्जरी, पिपचा मेहुणा, लोहार. त्याचा हात कारखान्यातल्या वाफेच्या घणासारखा आहे, माणूस चिरडू शकतो किंवा अंड्याच्या कवचाला हलकेच थोपटू शकतो, असं पिप म्हणतो. तो पिपला भेटायला लंडनला येतो. टोपी कुठे ठेवावी कळत नाही, ती सारखी पडते. ज्याला मांडीवर खेळवलं त्याला ‘सर’ म्हणतो. पैसे देऊन त्याला टाळता आलं असतं तर मी दिले असते, हे पिप स्वतःच सांगतो. शेवटी ज्योच सांगतो की या कपड्यांत मी शोभत नाही, मला भट्टीपाशी बघ. मग पिपच्या कपाळाला हलकेच हात लावून निघून जातो.

इथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

बाबा शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते. मातीचे साचे भरायचे. नखांतली काळी कड दिवाळीच्या उटण्यानेही निघायची नाही. मी पुण्यात लेडीज हॉस्टेलला होते तेव्हा एकदा न कळवता आले. बायकांचं हॉस्टेल, आत सोडत नाहीत, म्हणून गेटजवळच्या बाकावर बसून राहिले, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. माझ्याबरोबर रूममेट होती. तिने विचारलं, कोण गं? मी म्हणाले, गावाकडचे आहेत. बाबांनी ते ऐकलं. दहा मिनिटांत ‘चल, तुझा अभ्यास असेल’ म्हणून उठले आणि डोक्यावर हात ठेवून गेले. यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

पिपला परतीची वाट मिळते ती मॅग्विचमुळे. हाच तो पैसे देणारा. ज्या कैद्याने पुढे केलेले हात बघून त्याला शिसारी आली होती, त्याचाच हात तो भर न्यायालयात धरून उभा राहतो. माझ्या लेखी हा कादंबरीचा कळस. डिकन्सने कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून शेवट बदलला, त्यावर अजून वाद चालतात. मूळ शेवटात एस्टेला घोडागाडीतून हस्तांदोलन करते, बदललेल्या शेवटात पिप तिचा हात हातात घेतो. हात मात्र दोन्हीकडे आहे.

आणि लिहिणारा? वडील कर्जापायी तुरुंगात, म्हणून 1824 साली, बारा वर्षांचा असताना, हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. मोठेपणी त्याने ते जवळपास सगळ्यांपासून लपवलं. एवढं ठाऊक झाल्यावर पिपच्या हातांकडे नुसतं प्रतीक म्हणून बघवत नाही.

ज्यो पिपचं 123 पौंडांचं कर्ज गुपचूप फेडून पहाटे निघून जातो. चिठ्ठी तेवढी ठेवतो.

उद्या सकाळी बाबांना फोन करायचा आहे. त्या दिवशी स्वारगेटला कितीची एस्टी मिळाली, घरी पोचायला किती वाजले, जेवले होते का, यातलं काहीच मी तेव्हा विचारलं नव्हतं.