वानलेस हे कुठलं गाव?

माझा जन्म मेरी वानलेस हॉस्पिटलचा. कोल्हापुरात एवढं सांगितलं की बास, समोरचा लगेच म्हणतो आमची थोरली पण तिथलीच. पण वानलेस म्हणजे नक्की काय, हे चाळीशी उलटली तरी मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं आडनाव आणि मेरी त्यांच्या पत्नी, इतकंच माहिती.

मागच्या महिन्यात लेकीला शाळेत आपापल्या आडनावाची माहिती लिहून आणायला सांगितली. आमचं आडनाव 'कर'वालं, गाव माहिती, पाच मिनिटांत वही मिटली. मग तिनं विचारलं, पप्पा, तुमचा जन्म वानलेसमधला ना, मग ते वानलेस कुठलं गाव? तिचा प्रश्न तसा चुकीचा नाही, कारण सांगली-मिरज रस्त्याला वानलेसवाडी आहेच की. पण तिथं गावावरून आडनाव नाही आलं, आडनावावरून वाडी झाली. डॉक्टर वानलेसांनी क्षयाच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम काढलं तो हा भाग. परदेशी आडनावाला 'वाडी' जोडून आपल्या लोकांनी ते सातबाऱ्यात बसवून टाकलं, मला हे फार आवडतं.

तर लेकीला उत्तर द्यायचं म्हणून शोधायला बसलो आणि रात्री दोन कधी वाजले कळलं नाही.

आधी माझा अंदाज साफ चुकला. इंग्रजीत 'वॉन' म्हणजे फिकट, निस्तेज, म्हणजे वॉनलेस हा तजेलदार चेहऱ्याचा माणूस असणार असं वाटलं. तसं नाही. हे आडनाव इंग्लंडच्या उत्तरेकडचं, नॉर्थम्बरलँड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचं. त्या किनाऱ्यावर 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंग लोकांनी हल्ला केला, आणि पुढं हे नॉर्स (नॉर्वे-डेन्मार्ककडचे) लोक उत्तरेत ठिकठिकाणी कायमचे राहिले, शेती केली, लग्नं केली, त्यांचे शब्द इंग्रजीत मुरले. स्काय, एग, नाइफ हे सगळे त्यांचेच. विंडोसुद्धा, त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा (आणि आपल्याकडं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, खिडकीत डोळा दोघांनाही दिसला). तर त्याच नॉर्स भाषेत 'वान' म्हणजे आशा आणि 'लाउस' म्हणजे विना. त्याचं मध्ययुगातल्या इंग्रजीत झालं वानलेस. आशा नसलेला. नशीब फुटलेला. आपल्या भाषेत सरळ सांगायचं तर कपाळकरंटा.

हे वाचलं आणि मी स्क्रीनकडं बघतच बसलो. ज्या नावाच्या दवाखान्यात माझा पहिला श्वास झाला, जिथं सगळा जिल्हा आशेनं जात होता, त्या नावाचा अर्थ निराश!

आणि अजून एक, हा नॉर्स 'वान' आणि आपल्या 'वांछा' मधला 'वां' एकाच मुळातून आलेत, दोन्हीकडं अर्थ इच्छा-आशा. म्हणजे शब्द तसा चुलत घरातलाच निघाला.

पण असलं आडनाव कुणी लावून घेईल का? लावून घेत नव्हतेच, लोक ठेवत होते. इंग्लंडमध्ये आडनावं साधारण 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू रुळत गेली, 1400 पर्यंत बहुतेक घरांत पक्की झाली. कुणाचं गावावरून, कुणाचं धंद्यावरून, कुणाचं बापाच्या नावावरून आणि उरलेली टोपणनावं, तीही गावानं ठेवलेली, ज्याचं त्यानं नाही. एका गावात चार विल्यम असले की कुठला विल्यम हे सांगायला काहीतरी खूण लागायचीच. मग 1377, 1379, 1381 ला माणशी डोईपट्टी बसली, कारकुनानं यादी करताना गावकरी सांगतील ते लिहून घेतलं. 1538 पासून चर्चमध्ये जन्म-लग्न-मयताची नोंदवही सक्तीची झाली. कागदावर एकदा चढलेलं उतरत नाही, हे तलाठी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही सांगायला नको. आपल्याकडं वाकडे, बोबडे, ढमढेरे आहेत, त्यांच्याही मागं असाच कुठलातरी पूर्वज असणार.

स्पेलिंगपण एक नाही, वानलेस, वॉनलिस आणि वँडलेस. त्या वँडलेसमध्ये मधेच 'ड' कुठून आला म्हणाल तर न आणि ल जोडून म्हणताना जीभ आपोआप तो घालते. आपण वानराचं वांदर केलं ते असंच.

आईला अर्थ सांगितला तर ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, "तुझ्या आज्ज्याचं नाव काय हुतं?" आजोबांचं नाव केरबा. त्यांच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्यावर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं केरातनं उचलून आणलं, की सटवीला वाटावं हे टाकलेलं पोर आहे, याला काय न्यायचं. धोंडू, दगडू, केरबा, आमच्या भागात घरटी एक असायचा. ती नावं जीव वाचवायला ठेवलेली. पण नकोशी हे नाव तसलं नव्हतं, ते मुलगी नको म्हणूनच ठेवलं जायचं, आणि 2011 ला साताऱ्यात अशा शेकडो मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली, ते फार बरं झालं.

विल्यम वानलेसांनी मात्र नाव बदललं नाही. 1865 चा जन्म, कॅनडातला. 1889 ला ते इकडं आले आणि 1894 ला मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 लाच सुरू झालेली, त्यामुळं इकडचा पेशंट गाडीत घालून थेट नेता यायचा. तेव्हापासून आमच्याकडं आजार हाताबाहेर गेला की घरातलं मोठं माणूस एकच बोलायचं, "मिरजंला न्या." 1928 ला त्यांना सर पदवी मिळाली, 1933 ला ते गेले.

केरबा आजोबांनी आजीला असंच मिरजेला नेलं होतं, पोटाच्या ऑपरेशनसाठी. त्याचा केसपेपर आईनं अजून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, घडीवर फाटलेला, मागं आजोबांनी शिसपेन्सिलीनं गाडीची वेळ लिहिलेली, आणि खाली मोठ्या अक्षरात हॉस्पिटलचं नाव, त्यांनी ऐकलं तसं: वालनेस. आजी पण शेवटपर्यंत वालनेसच म्हणायची.

लेकीनं वहीत आता दोन पानं वाढवलीत. एकावर आमचं गाव आणि दुसऱ्यावर वानलेस, वॉनलिस, वँडलेस. चौथं वालनेस मी तिला लिहायला लावलंय.